बिगफूट म्हणून आणलेलं पाऊल

मित्रांनो, मला हात लावलात तरी चालेल. दिसायला मी जुनाट आणि थोडा मोडका असलो, तरी इतक्यात काही तुटत नाही. मी प्लॅस्टरचा एक ठसा आहे. दीड वीत लांब, पसरट, पुढे पाच बोटं आणि मागे नुसता गोल गोळा. प्राण्यांना डोकं असतं, पोट असतं, पाठ असते. मी मात्र सगळाच्या सगळा पाऊल आहे. आणि तेही कोणाचं, यावरून माझ्या आयुष्यात एवढं रामायण झालं, की ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

अमेरिकेत पुष्कळ लोकांना असं वाटतं, की इथल्या दाट जंगलांत एक अवाढव्य, अंगभर केस असलेला, माणसासारखा दोन पायांवर चालणारा प्राणी लपून राहतो. त्याला ते बिगफूट म्हणतात. तो आजवर कोणी पकडलेला नाही. त्याचं हाड नाही, दात नाही, कवटी नाही. लोकांच्या हाती लागतात ते पायांचे ठसे, केसांचे पुंजके आणि धूसर फोटो. मित्रांनो, माझ्या आयुष्याच्या सुरुवातीला मी त्या बिगफूटचं उजवं पाऊल होतो.

माझा जन्म कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला, रेडवूडच्या जंगलातल्या एका ओढ्याकाठी झाला. मला घडवणारे सुमंतकाका मुळात पूल बांधणारे इंजिनिअर. तरुणपणी पुण्याहून आले, क्युपर्टिनोला घर केलं आणि आयुष्यभर काँक्रीट ओतून घेतलं. त्यांच्या बायको मृणालिनीकाकू हाडांच्या डॉक्टर. दोघं निवृत्त झाले आणि त्याच सुमारास काकांची बायपास झाली. ऑपरेशन उत्तम झालं, पण काका त्यातून उठले तेच गप्प होऊन. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. ते टपालपेटीपर्यंत जायचे आणि परत सोफ्यावर येऊन बसायचे. बातम्या लावायचे, पण बघायचे नाहीत. ज्या माणसाला पूर्वी वाद घातल्याशिवाय चहा गोड लागत नसे, तो आता 'तू म्हणशील तसं' एवढंच म्हणायचा. हे सगळं मी नंतर काकूंच्या तोंडून ऐकलं.

त्यांची मुलगी रुही त्या उत्तरेकडच्या जंगलातच नोकरीला आहे. वन्यप्राणी कुठे राहतात, किती आहेत, याची पाहणी करायचं तिचं काम. तिला भेटायला म्हणून काकूंनी काकांना गाडीत घातलं आणि जंगलातली एक छोटी केबिन भाड्याने घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी रुही कामावर गेली होती. काकू काकांना ओढतच ओढ्यापर्यंत घेऊन गेल्या. काका पाच पावलं पुढे गेले आणि थांबले.

"मृणाल, इकडे ये," ते म्हणाले.

चिखलात एक पाऊल उमटलं होतं. मोठं, ताजं, पाच बोटांचं. काका त्याच्याभोवती एकदा इकडून, एकदा तिकडून फिरले. मग गुडघ्यावर बसले. काकू सांगतात, की बायपासनंतर काका स्वतःहून खाली वाकलेले त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा पाहिले.

गाडीच्या डिकीत प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा एक पुडा पडून होता. घरच्या बाथरूमच्या भिंतीचा पोपडा निघाला होता, त्यासाठी तो आणलेला. काका जवळजवळ धावत गेले आणि तो घेऊन आले. पोहे भिजवायला आणलेल्या पातेल्यात ओढ्याचं पाणी घेतलं, पावडर घातली, काठीनं ढवळलं. गुठळी राहू दिली नाही. मग कडेकडेने, बेताने, ते मिश्रण त्या ठशात ओतलं. तोच माझा पहिला श्वास. मी आधी थंड होतो, मग आतून गरम गरम झालो आणि हळूहळू घट्ट होत गेलो. काका माझ्याशेजारी एका ओंडक्यावर बसून कुठलंसं जुनं नाट्यगीत गुणगुणत होते. काकूंनी पाठ वळवून डोळे पुसले आणि जवळच्या झाडाकडे बघत राहिल्या.

त्या झाडाच्या सालीला तपकिरी केसांचा पुंजका अडकला होता. काकांनी तो बाकरवडीच्या रिकाम्या पिशवीत घातला. मला चिखलातून उचललं, धुतलं, उन्हात धरलं आणि म्हणाले, "उजवं पाऊल. अंगठा बघ केवढा आहे."

"आणि डावं कुठे आहे?" काकूंनी विचारलं.

दोघांनी आजूबाजूला पाहिलं. गाडीकडे जाताना आणि येताना काका ज्या वाटेने धावले होते, तिथे आता फक्त त्यांच्या बुटांचे ठसे होते.

काकांना मला मित्रांना दाखवायची इतकी घाई, की रुही कामावरून यायच्या आतच आम्ही निघालो, आणि असा मी क्युपर्टिनोला आलो. मित्रांनो, काय दिवस होते ते. जेवणाच्या टेबलावर, फळांची टोपली हलवून, तिथे मला जागा मिळाली. काकांचे जुने मित्र कुमार त्याच संध्याकाळी बायकोला, प्रतिमाकाकूंना, घेऊन मला बघायला आले. कुमार कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीतून निवृत्त झालेले आणि थट्टेखोर.

"सुमंत, यार, हा तर तुझ्या बुटापेक्षा मोठा दिसतोय," ते म्हणाले. "याला बोलवायचं का जेवायला?"

"थट्टा नंतर कर," काका म्हणाले. "आधी नीट बघ. ही मधली आडवी उंच रेघ दिसते? आपलं पाऊल मधे वाकत नाही. याचं वाकतं. म्हणजे हा आपल्यापेक्षा वेगळा प्राणी आहे."

कुमारकाकांनी चष्मा लावला आणि माझ्यावरून बोट फिरवलं. मग बराच वेळ त्यांनी थट्टा केली नाही.

त्यानंतर लोक येतच राहिले. मला घरोघरी नेलं, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा अशा पॉटलकच्या जेवणांना नेलं. लहान मुलं बूट काढून माझ्यावर पाय ठेवून बघायची आणि एकमेकांना ढकलायची. माझ्यासोबत सेल्फी काढले गेले. आणि काका बोलायला लागले. पुस्तकं आणली, जंगलांचे नकाशे छापून भिंतीला लावले. रोज सकाळी चालायला जाऊ लागले. आधी कोपऱ्यापर्यंत, मग बागेपर्यंत, मग टेकडीवर. "जंगलात परत जायचं तर दम पाहिजे," असं म्हणायचे. बाथरूमची भिंत तशीच राहिली, पण काकांचा चेहरा भरला. मला वाटायचं, हे सगळं माझ्यामुळे. मी ताठ पडून राहायचो.

महाराष्ट्र मंडळाच्या सेक्रेटरी आसावरीताई एकदा घरी आल्या आणि त्यांनी काकांचं भाषणच ठरवून टाकलं. शाळेचा हॉल बुक केला. विषय होता, 'बिगफूट आहे: पुरावा हाजिर'. हे नाव काकांनीच दिलं. काका इतके खुशीत होते, की त्यांनी आसावरीताईंना गाडीपर्यंत पोचवायला जाताना मलाही बरोबर नेलं.

त्या घरात एकच माणूस माझ्याबद्दल कधी बोलत नसे. त्या म्हणजे मृणालिनीकाकू.

एके दुपारी काका टेकडीवर गेले असताना काकूंनी मला मांडीवर घेतलं. मित्रांनो, आजवर मला खूप हात लागलेत, पण असा हात नाही. त्या हातांनी आयुष्यभर मोडलेली पावलं जोडली होती. त्यांनी अंगठा माझ्या बोटांवरून फिरवला. बोटांच्या पुढे बारीक टोकं होती, तिथे थांबल्या. काका त्यांना खडे म्हणायचे. मग त्यांनी मधली उंच रेघ चाचपली. मग मागचा गोळा. मग फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि मला मांडीवरच ठेवलं.

"रुही, तू फोटो बघितलेस ना?"

"बघितले, आई. यू नो व्हॉट इट इज, राइट?"

"मला टाचच सापडत नाही," काकू म्हणाल्या. "दोन पायांवर चालणाऱ्याचं वजन आधी टाचेवर पडतं. टाच खोल रुतते. इथे टाचेच्या जागी उथळ गादी आहे. आणि मधली रेघ म्हणजे वाकलेलं पाऊल नाही. ही दोन पावलं आहेत. एकावर एक पडलेली."

"एक्झॅक्टली. बेअर. पुढचा पाय पडतो, मग मागचा पाय त्याच ठशावर थोडा पुढे लँड होतो. दोन्ही मिळून एक लांब पाऊल दिसतं. खूप लोक फसतात, आई. तू बाबांना सांग."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "नाही सांगवत गं. तू त्याला सोफ्यावर बसलेलं पाहिलंस ना?"

"पण हॉलमध्ये कोणी उठून हेच म्हणालं, तर? तेव्हा काय होईल?"

काकूंनी फोन ठेवून दिला. आणि मी? माझी काय अवस्था झाली असेल, तुम्हीच सांगा. अस्वल. जंगलात पैशाला पासरी मिळणारं अस्वल. रोज लोक ज्याला पाहायला येत होते तो मी नव्हतोच. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की बाई चुकते आहे. पण माझ्या अंगावरच्या रेघा माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त कळत होत्या.

काही दिवसांनी रुहीचा फोन आला. या वेळी तिने काकांनाच मागितलं. काकांनी तिच्याकडे पाठवलेले ते केस तिच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते.

"बाबा, हेअर सॅम्पल बेअरचं आहे. ब्लॅक बेअर. नाव ब्लॅक, पण इकडे ते ब्राउनसुद्धा असतात. आणि ती विचारत होती, की या केसांना हिंगाचा वास का येतो."

काका हसले, पण गंभीर झाले. फोन ठेवल्यावर म्हणाले, "अस्वलं झाडाला अंग घासतात. केस अस्वलाचे असतील. त्यावरून शेजारचं पाऊल अस्वलाचं ठरत नाही. बरोबर ना?"

"बरोबर," काकू पटकन म्हणाल्या.

काकांनी मान वर केली. "तू लगेच बरोबर म्हणालीस?"

"मग काय म्हणू?"

"हाडांची डॉक्टर म्हणून सांग मृणाल. तुला काय वाटतं हे पाऊल बघून?"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. काकूंनी आत जाऊन गॅस बंद केला, आल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एका ठशावरून डावं की उजवं हेही सांगता येत नाही, सुमंत. अंगठा वाटतो तो अंगठाच आहे, हे आपण धरून चाललोय. पुढचं-मागचं पाऊल पाहायला हवं होतं."

हे खोटं नव्हतं. पण सगळं खरंही नव्हतं. काका मला हातात घेऊन खिडकीशी गेले. मग म्हणाले, "जाऊ या. भाषणाच्या आधी. परत जाऊन पाहू."

मला बाथ टॉवेलमध्ये गुंडाळून डिकीत ठेवलं. ओढ्यावर रुही आधीच येऊन थांबली होती. पाऊस होऊन गेला होता. काठचा चिखल ओला होता, पण त्यावर काहीच नव्हतं. काका वरच्या अंगाला, खालच्या अंगाला हिंडून आले. न धापा टाकता हिंडले. दुपार होत आली तेव्हा रुहीने अचानक हात वर केला.

"हलू नका. ओढ्यापलीकडे बघा."

काकांनी मला छातीशी धरलं होतं, म्हणून मलाही दिसलं. झुडपांतून एक तपकिरी अस्वल बाहेर आलं. मोठं, जाडजूड, स्वतःच्याच विचारात असल्यासारखं. काठाकाठाने ते चालत गेलं. मित्रांनो, मी आयुष्यात प्रथमच मला चालताना पाहत होतो. पुढचा पंजा चिखलात पडायचा, उचलायचा, आणि मागचा पंजा डुलत डुलत बरोबर तिथेच, बोटभर पुढे येऊन टेकायचा. पुन्हा पुढचा. पुन्हा मागचा. घाई नाही, गडबड नाही. काकांचे हात माझ्याभोवती घट्ट झाले.

अस्वल निघून गेलं. रुहीने सगळ्यांना बराच वेळ थांबवून ठेवलं, अस्वल आणखी दूर जावं म्हणून मोठ्याने गप्पा मारायला लावल्या. मग एका आडव्या पडलेल्या ओंडक्यावरून ती तिघं पलीकडे गेली. चिखलात ठशांची रांग होती, स्वच्छ, एकामागून एक. या वेळी काका बाजूच्या गवतातून गेले. वाकले. मला त्यांनी एका ठशाशेजारी ठेवलं.

तो माझा भाऊच होता. तीच पाच बोटं, तीच मधली रेघ, मागे तोच गोळा, बोटांपुढे नखांची तीच बारीक टोकं. पण तो रांगेच्या डाव्या बाजूला होता. म्हणजे डावा. आणि त्याचं सर्वांत जाड बोट आतल्या बाजूला नव्हतं, बाहेरच्या बाजूला होतं.

"अस्वलाचं उलटं असतं, बाबा," रुही हळू आवाजात म्हणाली. "आपला अंगठा आत. त्यांचं मोठं बोट बाहेर. म्हणून त्यांचं डावं पाऊल आपल्याला उजवं वाटतं."

काका पुढच्या ठशापाशी गेले, त्याच्या पुढच्या ठशापाशी गेले. प्रत्येक ठिकाणी तेच. काकू जिथे होत्या तिथेच उभ्या राहिल्या. मला वाटलं, झालं. आता हे परत सोफ्यावर जाऊन बसणार. आणि मला इथेच ओढ्यात टाकून देणार.

काका परत आले. "तुला माहीत होतं," ते काकूंना म्हणाले.

"हो."

"कधीपासून?"

"रुहीला फोटो पाठवले तेव्हापासून. खरं म्हणजे त्याच्याही आधी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू चालायला लागला होतास," काकू म्हणाल्या. "बोलायला लागला होतास. ते बंद पडलं असतं तर?"

काका ओंडक्यावर बसले. मला मांडीवर घेतलं. "मृणाल, ऑपरेशननंतर सगळे माझ्याशी गोड बोलायला लागले. कुमारसुद्धा. मी काहीही म्हटलं तरी हो. आपल्या घरात तू आणि मी कायम भांडत आलो. पुलाच्या खांबांवरून, राजकारणावरून, भाजीत गूळ घालायचा की नाही यावरून. तू भांडायचं सोडलंस, तेव्हा मला वाटलं, मी खरंच संपलोय. आजारी माणसाशी कोण वाद घालतं?"

काकू त्यांच्याशेजारी बसल्या. "म्हणजे मी तुला अस्वल म्हणायला हवं होतं?"

"पहिल्याच दिवशी. मी अस्वलाच्या मागेही एवढाच चाललो असतो गं."

मग काकांनी मला उन्हात धरलं. "पण एक सांगतो. ही मधली रेघ पाऊल वाकल्याची असूच शकत नाही, असं नाही."

"असूच शकत नाही," काकू म्हणाल्या.

"का नाही?"

"कारण रेघेच्या दोन्ही बाजूंची खोली वेगळी आहे. आण इकडे. बोट लावून बघ."

आणि मित्रांनो, त्या चिखलात बसून दोघं जे भांडायला लागले, ते केबिनवर पोचेपर्यंत थांबले नाहीत. रुही मागून चालत होती आणि हसत होती. ती एवढंच म्हणाली, "दे आर बॅक."

भाषण मात्र व्हायचं होतं. आसावरीताईंना काकांनी फोन करून विषय बदलायला सांगितला. 'माझं बिगफूट अस्वल कसं निघालं.' आसावरीताई जरा खट्टू झाल्या. म्हणाल्या, "काका, बिगफूट म्हणून लोक येणार होते हो." पण लोक आले. हॉल भरला. मला काळ्या कापडावर ठेवलं होतं, शेजारी नवीन केलेला, माझ्यासारखाच डावा, माझा भाऊ.

काकांनी काही लपवलं नाही. ठसा कसा मिळाला, शेजारचे ठसे आपल्याच बुटांनी कसे मोडले, केसांच्या पिशवीला हिंगाचा वास कसा लागला, सगळं सांगितलं. लोक हसले, काकाही हसले. मग त्यांनी काकूंना वर बोलावलं आणि काकूंनी टाच समजावून सांगितली. केस कोणाचे ते तपासता येतं. ठसा एकटा असेल तर फसवतो, रांगेत असेल तर पुष्कळ सांगतो. फोटोत मापाची काठी शेजारी ठेवली नसेल तर आकार कळत नाही. हाड किंवा दात मिळाला तर गोष्ट वेगळी, आणि तो अजून मिळालेला नाही.

"म्हणजे बिगफूट नाहीच?" कुमारकाकांनी विचारलं.

"तसं मी म्हटलेलं नाही," काका म्हणाले. "जंगल मोठं आहे. ते सगळं मी पाहिलेलं नाही. माझ्या हातात जो पुरावा आहे, तो अस्वलाचा आहे. माझ्या हातात आहे तेवढ्याबद्दलच मी बोलतो."

पुढच्या रांगेत कबीर नावाचा एक मुलगा बसला होता. त्याने कधीतरी माझ्यावर पाय ठेवून फोटो काढला होता. त्याचा चेहरा पडला होता. "सो इट्स फेक?"

"नाही रे," काका म्हणाले. "फेक कुठे? खरं अस्वल, खरं पाऊल, खरा चिखल. ते बिचारं सरळ चालत गेलं. चुकीचं वाचलं ते मी."

मित्रांनो, ते ऐकून मला फार बरं वाटलं. फोनच्या दिवसापासून मी स्वतःला खोटा समजत होतो.

पण लोकांचं कौतुक मात्र त्या दिवशी संपलं. जेवणाची वेळ झाली, सगळे बटाटेवड्यांकडे वळले, आणि परत माझ्यापाशी कोणी आलं नाही. घरी टेबलावर फळांची टोपली परत आली. काही दिवस मी खिडकीत होतो, मग पुस्तकांच्या कपाटावर, मग गॅरेजमध्ये. काका आणि काकू आता दर थोड्या दिवसांनी जंगलात जायचे. नवे ठसे आणायचे. हरणाचे, कोल्ह्याचे, रॅकूनचे. मी मागे मागे सरकत गेलो. माझ्यावर सुटकेसचं कव्हर आलं, मग जुना पंखा आला. एका दिवाळीला कोणीतरी आकाशकंदिलाचं खोकं ओढलं आणि मी फळीवरून खाली पडलो. माझं एक बोट तुटलं. तुकडा कोपऱ्यात गेला. कोणाला कळलंही नाही. तिथे अंधारात पडून मी पुष्कळ विचार केला. चुकीचा का होईना, मी बिगफूट असतो तर मला असं ठेवलं असतं का, असंही मनात आलं. खोटं का सांगू?

मग एका रविवारी गॅरेजचं दार उघडलं. रुही आली होती. तिच्या जंगलातल्या एका वाटेच्या सुरुवातीला मुलांसाठी एक छोटं माहिती केंद्र निघत होतं. तिला प्राण्यांचे ठसे हवे होते. काका नवे, चांगले ठसे काढून देत होते.

"बाबा, ओरिजिनल कुठे आहे?" तिने विचारलं.

"तो कशाला? त्यापेक्षा हा बघ, किती स्पष्ट आहे."

"स्पष्ट नकोय मला. ज्यानं माझ्या बाबांना फसवलं तो हवाय. मुलं त्याच्यावरूनच शिकतील."

तिघांनी मिळून मला शोधलं. काकू गुडघ्यावर बसून पंख्यामागे डोकावल्या आणि त्यांनी मला दोन्ही हातांनी बाहेर काढलं. माझं बोट नाही हे आधी त्यांच्याच लक्षात आलं. मग टॉर्च आणला, कोपरा झाडला, तुकडा मिळाला. जेवणाच्या टेबलावर कागद अंथरून काकूंनी तो जोडला. हाडं जोडायच्या त्यांच्या हाताला इतक्या वर्षांत गंज चढला नव्हता. काकांनी जोडावर थोडं प्लॅस्टर लिंपलं आणि जास्त लावलंस म्हणून काकू त्यांना रागावल्या.

तेव्हापासून मी इथे आहे. खिडकीतून रेडवूडचे बुंधे दिसतात. इथे मला काचेच्या पेटीत ठेवलेलं नाही, उघड्या टेबलावर ठेवलंय. मुलं येतात, मला उचलतात, उलटं करतात. काका-काकू आले की इथेच असतात. काका मुलांना आधी काहीच सांगत नाहीत. "कोणाचं पाऊल, सांगा," एवढंच विचारतात. मुलं हमखास बिगफूट म्हणतात. मग काका म्हणतात, "असेल. कशावरून?" आणि काकू शेजारी बसून त्या प्रत्येक कशावरूनला फाटे फोडतात. कधी कधी एखादं मूल दोघांनाही निरुत्तर करतं. अलीकडे एक चुणचुणीत मुलगी विचारून गेली, की मागचा पाय पुढच्या ठशावर पडतो, तर अस्वल उडी मारताना काय होतं? ते दोघं आता त्याच शोधात आहेत.

मित्रांनो, मला एवढंच मागायचं आहे. मला उचलाल तेव्हा दोन्ही हातांनी उचला, माझं जोडलेलं बोट नाजूक आहे. आम्ही ठसे म्हणजे कोणीतरी इथून गेल्याची एकुलती एक खूण असतो. आम्हाला टाकून देऊ नका, उत्तर मिळालं तरीही. आणि तुमच्या घरात एखाद्याला काही अगदी पक्कं खरं वाटत असेल आणि तुम्हाला ते चुकीचं दिसत असेल, तर गप्प बसू नका आणि हसूही नका. त्याच्याशेजारी बसा. त्याच्या हातातली वस्तू आपल्या हातात घ्या. बोट लावून बघा आणि काय दिसलं ते त्याला सांगा. आजारी असला, म्हातारा असला, लाडका असला तरी सांगा. तो तेवढा भक्कम असतो.

चला, आता मला टेबलावर नीट ठेवा. बोटं दाराकडे करून. शाळेची बस आली आहे, आणि आज मला पुन्हा थोडा वेळ बिगफूट व्हायचं आहे.